खेकडा दार लावतो तेव्हा

माणसाला घाबरायला शिकवण्यासाठी कॉलेज चालवणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला. बाकीची कॉलेजं पोरांची भीती घालवायच्या मागे लागलेली असतात. आमच्या सरांचं सगळं उलटं. एखादा निर्भय पोरगा दाखल झाला की डॉक्टर जुनाट खोकल्याकडे बघतो तसे सर त्याच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "ह्याला वेळ लागंल."

पेणजवळचं गडब गाव सोडलं की महामार्गावरून खाडीच्या अंगाला एक कच्चा रस्ता उतरायचा. भातखाचरं संपतात आणि खारं पाणी सुरू होतं त्या सांध्यावर आमचं निवासी कॉलेज होतं. अलीकडे आम्ही आणि भात, पलीकडे चिखल, खारफुटीची तिवरं आणि खाडी, मध्ये मातीचा उंच बांध. तिथेच राहायचं, तिथेच पिकवायचं, तिथेच माती, पाणी, झाडं, जनावरं शिकायची. नव्वदच्या दशकात असलं काही शिकतो म्हटलं की नातेवाईक आजारी माणसाच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवायचे. माझे वडील पेणला गणपती घडवायचे. ते गिऱ्हाइकांना सांगायचे, "थोरला कंपनीत शिफ्टला जातो. धाकटा चिखलात हाय."

पहिल्याच दिवशी सरांनी मला बांधावर उभं केलं. सर इतके बारीक होते, की त्यांनी काखेतली काळी छत्री शेजारी टेकवली तर लांबून दोघांतले सर कोण ते कळत नसे. आवाज मात्र असा, की त्यांनी इथून हाक मारली तर रोह्याच्या फलाटावरची माणसं वळून बघायची.

"सापाला भितोस?"

"नाही सर."

"पाण्याला?"

"पोहता येतं सर."

"चिखलाला?"

"सर, मी गणपतीवाल्याचा पोरगा. मातीतच वाढलो."

सरांचा चेहरा पडला. वळून त्यांनी स्वयंपाकघराकडे हाक दिली, "मावशी, ह्याला लाकडं आणायला लावा."

लाकडांचा ढीग स्वयंपाकघरामागे होता आणि त्यात एक घोणस बिऱ्हाड करून होती. कॉलेजच्या आवारात कशालाही मारायचं नाही हा नियम. त्यामुळे घोणस आमच्या आधीपासून तिथली विद्यार्थिनी. ढिगाशी जायचं, काठीनं टकटक करायची, "येऊ का?" असं मोठ्यानं विचारायचं आणि उत्तराची वाट बघायची. फुत्कार आला तर चूल उशिरा पेटायची. पार्वतीमावशी खाडीकाठच्या गावातल्या, मिठागरावर अर्धं आयुष्य गेलेल्या. मला काठी देताना म्हणाल्या, "मी रोज इचारते बाबा. पन ज्या दिवशी आतून 'ये' म्हनल ना, त्या दिवशी मी घरी जानार ती परत येनार नाय."

मी टकटक केली. आतून प्रेशर कुकरसारखा आवाज आला. पुढचं मला आठवत नाही. मावशी सांगतात, की मी हातातली काठी घेऊन थेट महामार्गापर्यंत गेलो आणि कोलाडच्या एसटीला हात दाखवला. मावशींना वाढवून सांगायची सवय आहे. मी गडबच्या पुढे गेलो नव्हतो.

पण खरी दहशत संडासाची. बांधाच्या अलीकडे, जरा उंचावर, दोन खड्ड्यांवर बांधलेला. पाण्याऐवजी राख टाकायची, वर्षानं त्याचं खत शेतात. त्याचं दार एका मोडलेल्या मचव्याच्या, मोठ्या होडीच्या, फळ्यांचं होतं, जाड, डांबर फासलेलं, दोन माणसांनी उचलावं असं. एवढं भक्कम दार आणि त्याला आतून कडी नाही!

"कडी लावली की मानूस बेफिकीर व्हतो," सर म्हणायचे. "कडी नाय म्हंजे कान उघडे."

म्हणून आत गेलेल्यानं गात राहायचं. गाणं ऐकू आलं की बाहेरचा थांबायचा. गाणं मध्येच तुटलं तर मात्र सगळ्यांनी धावायचं, हाही नियम. मी आरत्या म्हणायचो. मावशी जात्यावरच्या ओव्या. कोलाडकडची सुगंधा होती आमच्या वर्गात, वालाच्या शेतीतली, कमी बोलणारी. ती पाढे म्हणायची. एकदा तिचा एकोणतीसचा पाढा मध्येच थांबला. सगळं कॉलेज काठ्या, फावडी घेऊन धावलं. दार किलकिलं झालं. आत आढ्यावरून एक लांबलचक धामण सुगंधाच्या डोक्यावर वीतभर अंतरापर्यंत लोंबत होती. सुगंधा तिच्याकडे बघत, पापणी न हलवता बाहेर आली, चार पावलं चालली आणि राहिलेला पाढा पुरा करूनच खाली बसली. सर इतके खूश झाले, की त्या दिवशी त्यांनी तिला स्वतःच्या ताटातलं लोणचं वाढलं. "अशी भीती पायजे," ते म्हणाले. "डोळं उघडं ठेवून भ्याली पोर."

सरांचं शिकवणं बांधावरून चालायचं. आम्ही खाली चिखलात तिवरांची रोपं लावायचो, सर वर उभे राहून छत्रीच्या टोकानं दाखवायचे. "तो बघ निवट्या. तो बघ, मासा असून झाडावर चढतो नि तुला मानूस असून चालता येत नाय." ऊन असो, पाऊस असो, छत्री कधी उघडली नाही आणि सर कधी बांधाच्या पलीकडे उतरले नाहीत. तीन पावलांवर खाडी आणि पाय कायम कोरडे. याच्यावर आमच्यात कथा होत्या. एक कथा अशी, की सरांना खाडीतल्या कुठल्या तरी देवतेनं वचनात बांधलंय. दुसरी, की त्यांच्या पायाला सहा बोटं आहेत आणि चिखलात ठसा उमटेल म्हणून ते भितात. दोन्ही कथा मीच रचल्या होत्या.

चिखलात एक गोष्ट सक्त मना होती. तिवराच्या बुंध्याभोवती मुळं जमिनीतून वर येतात, बोटांएवढी, उभी, हजारोंनी. झाड त्यांतून श्वास घेतं. त्यांच्यावर पाय द्यायचा नाही. "झाडाचं नाक हाय ते," सर वरून गरजायचे. "कुनाच्या नाकावर पाय देतोस?" खाडीत जाणारी गावची माणसं सर्रास मुळांवरूनच चालायची. आम्ही मात्र नाकं टाळून मोकळ्या चिखलातून, गुडघा गुडघा रुतत, चपला गमावत, पर्यावरण वाचवत चालायचो.

आणि ऐकायला शिकवलं त्यांनी. डोळे मिटून बांधावर बसवायचे. ओहोटीचा चिखल बोलत असतो, हे तुम्हांला ठाऊक आहे का? टिचिक, टुचुक, चुळचुळ. खेकडे बाहेर येऊन खातायत, निवट्या उड्या मारतायत, बिळांतून बुडबुडे फुटतायत. वाटतं भाताचं मोठं आधण ठेवलंय कुणी. मग कधी तरी तो आवाज विरळ होऊ लागतो. पाणी अजून लांब असतं, दिसतही नसतं. पण खेकड्याला कळलेलं असतं. तो बिळात शिरतो आणि मातीचा एक गोळा ओढून आतून तोंड बंद करून घेतो.

"खेकडा दार लावतो तेव्हा तू भाईर असू नये," सर म्हणायचे. वर्षभरात हजार वेळा म्हणाले असतील. परीक्षेला हा एकच प्रश्न असता तर आम्ही सगळे पहिले आलो असतो.

दुपारची पंगत हा आमचा सर्वांत अवघड तास. ताटं सर स्वतः मांडायचे. कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. भिंतीशी ओळीनं सगळी ताटं पालथी. ज्यानं त्यानं यायचं आणि आपलं ताट सरळ करून बसायचं. शेवटचं ताट सरळ होईपर्यंत भाताच्या टोपाचं झाकण निघत नसे. पेणला कुणी दाखला आणायला गेलं आणि त्याची गाडी जिते स्टेशनावर अडकली, तर आम्ही सगळे पालथ्या ताटाकडे बघत वालाच्या आमटीचा वास खात बसायचो. मावशी कुरकुरायच्या, "अवो सर, जेवान गार झाला." सर छत्री घेऊन दारात उभे. नजर रस्त्याकडे.

आणि सगळे बसले की सर ओळीनं एकेकाला विचारायचे, "कशाला भ्यालास?"

कालच्या पंगतीपासून आजच्या पंगतीपर्यंत कशाला भ्यालास ते सांगायचं. "कशालाच नाय" असं उत्तर देणाऱ्यानं जेवणानंतर भाताचा टोप घासायचा. तो टोप एवढा, की घासायला आत उतरावं लागायचं. बाहेरून मित्र खुशाली विचारायचे. मी त्या टोपात एकदा उतरलो आणि शहाणा झालो. मग माझ्या भीत्यांना बहर आला. मला बांधावर मिशीवाला डुक्कर भेटला. रोहा पॅसेंजरच्या डब्यात नाग तिकीट तपासनिसाच्या बाकाखाली बसलेला दिसला. एका गिधाडानं माझ्या उंचीचा अंदाज घेतला. पोरं हसून लोळायची, मावशी पळी हातात धरून थांबायच्या. सर शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे, अगदी मान डोलावत, आणि म्हणायचे, "डुक्कर दिसला. मिशी दिसली. ह्यात तू कुठं दिसंना." पण टोप मला द्यायचे नाहीत. गोष्ट चांगली जमली तर थोडी वाढीव आमटी मिळायची.

मी हे सगळं ज्या दिवसासाठी सांगतोय, तो भाद्रपदातल्या अमावास्येचा. गणपतीची सुट्टी संपवून आम्ही परतलो होतो. अमावास्येचं उधाण, म्हणजे खाडीचं पाणी लांबवर मागे जातं आणि तेवढ्याच लांबवर पुढे येतं. सकाळी ओहोटी होती. आम्ही टोपल्या घेऊन उतरलो. लावणी सरळ चालली आणि सगळे परत फिरले. माझ्या टोपलीत थोडी रोपं उरली होती. पुढे, पाण्याच्या बाजूला, एक पट्टा मला फार आवडला. गुळगुळीत, चकचकीत, रंगारी हात फिरवतो तसा. सुगंधा मागून म्हणाली, "फिर आता. लई पुढं गेलास." मी म्हणालो, "तू हो पुढे. हा एवढा गणपती बसवतो आणि आलोच."

पहिल्या पावलाला गुडघा गेला. नेहमीचंच. दुसरा पाय टाकला तो मांडीपर्यंत गेला आणि खाली काही लागलंच नाही. पाय वर ओढायला दुसऱ्यावर जोर दिला, दुसरा गेला. चिखल थंड होता. वर ऊन आणि कमरेखाली विहिरीच्या तळासारखं गार. मी हसलो, खोटं कशाला सांगू. आज पंगतीत सांगायला झालं, असं मनात आलं.

हाताच्या अंतरावर तिवराची मुळं होती, उभी, दाट. मी ती टाळूनच आलो होतो.

मग माझ्या लक्षात आलं, की आवाज थांबलाय.

टिचिक नाही, टुचुक नाही. कुणी आधणाखालची लाकडं ओढून घेतल्यासारखा चिखल गप्प. माझ्या अवतीभोवती, जिथे मघाशी शेकडो बिळं उघडी होती, तिथे फक्त ओले गोळे दिसत होते. एक खेकडा राहिला होता, अगदी माझ्या समोर. त्यानं माझ्याकडे बघितलं, शपथ घेऊन सांगतो, बघितलं. आणि गोळा ओढून दार लावून घेतलं.

मी ओरडलो. काय ओरडलो माहीत नाही. सुगंधाचा आवाज ऐकू आला, ती धावत बांधाकडे निघाली होती आणि ओरडत होती, "सर! रुतला! सर!" मी धडपडलो तसा आणखी खाली गेलो. पाणी आलं. लाट वगैरे नाही. जिभेसारखं, पातळ, चिखलावर सरकत आलं, माझ्यापाशी थांबलं, दोन्ही बाजूंनी वळसा घालून पुढे गेलं. खाडीला माझी काही घाई नव्हती.

बांधावर काय घडलं ते मी पाहिलं नाही. मावशींकडून ऐकलं, आणि मावशी त्या वेळी संडासात होत्या. ओवी अर्ध्यावर होती. बाहेर पावलं वाजली. मावशी आणखी मोठ्यानं गाऊ लागल्या. पावलं थांबली नाहीत. "मावशी, माफी करा," असा सरांचा आवाज आला आणि ते मचव्याचं दार, दोन माणसांचं दार, त्या काडीएवढ्या माणसानं बिजागरीसकट उपटून काढलं. मावशींची ओवी तुटली. तेव्हा पहिल्यांदाच नियम मोडला. ओवी तुटली आणि तिकडे कुणीही धावलं नाही. सगळे बांधावर होते, कारण सर बांध उतरत होते.

मला दिसले ते दारावर पालथे पडलेले. दोन्ही पायांनी चिखल मागे सारत, छत्री दातांत धरून, दार घसरत येत होतं. अंगभर चिखल, डोळे तेवढे पांढरे. मला माझ्या सगळ्या डुकरांची आणि गिधाडांची शपथ, एवढं भयंकर मी काही पाहिलं नव्हतं. कारण सर भ्यालेले होते. दात छत्रीवर वाजत होते, ते मला ऐकू येत होतं.

पाणी छातीशी आलं होतं.

"सर, खेकड्यांनी दारं लावली," मी म्हणालो. त्या वेळी मला एवढंच सुचलं.

"दिसतंय," सर छत्री दातांतून काढून म्हणाले. "म्हनून आपलं घेऊन आलो. हालू नको. आडवा हो."

"बुडेन सर."

"उभा ऱ्हाशील तर बुडशील. झोप पान्यावर. झोप म्हनतो ना!"

मी मागे रेललो. कानांत पाणी गेलं. सरांनी छत्रीची मूठ माझ्या काखेत अडकवली आणि ओढलं. मी हललो नाही, दारच माझ्याकडे सरकलं. पुन्हा ओढलं, पुन्हा दार सरकलं. सर दारावरून खाली उतरले. त्यांनी शेजारच्या तिवराच्या मुळांवर दोन्ही पाय रोवले आणि ती मुळं त्यांना घेऊन उभी राहिली.

"सर, नाक—"

"शिंकंल झाड! पाय मोकळा कर, हळू, आधी डावा!"

पाय सुटायला किती वेळ लागला याचं मी आजवर निरनिराळं उत्तर देत आलोय. खरं मला माहीत नाही. चिखलातून पाय निघताना जो आवाज झाला तो मात्र आठवतो; गाय वासराला चाटते तसा. मग मी दारावर होतो आणि सर मुळामुळांवर पाय देत, कमरेएवढ्या पाण्यातून दार ढकलत होते. प्रत्येक पावलाला ते काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं देवाचं नाव घेतायत. बांध जवळ आला तेव्हा ऐकू आलं. ते प्रत्येक झाडापाशी म्हणत होते, "येऊ का? येऊ का?"

पोरांनी आम्हांला वर ओढलं. दार कुणी धरलं नाही, ते पाण्याबरोबर गेलं. पुढचे कित्येक दिवस संडासाला गोणपाट होतं आणि सगळे दुप्पट मोठ्यानं गायचे. मुळांचा नियमही दुसऱ्या दिवशी बदलला: पाय द्या, पण आधी विचारा. हे सगळं नंतरचं. त्या दुपारी बांधावरून सर सरळ स्वयंपाकघरात गेले. हातपाय न धुता. ताटं मांडायला.

मी अंगावर दोन बादल्या ओतून आलो तेव्हा भिंतीशी ओळ लागली होती. सगळे बसले होते. एकच ताट पालथं होतं. मी ते सरळ केलं. सरांनी टोपाचं झाकण काढलं.

"कशाला भ्यालास?" ओळ सुरू झाली. कुणी म्हणालं, पाण्याला. कुणी म्हणालं, ह्याच्या ओरडण्याला. सगळ्यांची उत्तरं त्या दिवशी एकाच प्रसंगाची होती. सुगंधाची पाळी आली. तिनं मान वर केली.

"सर, तुमी कशाला भ्यालात?"

असं त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं. मावशींची पळी थांबली. सरांनी हातातलं झाकण खाली ठेवलं.

"ताट पालथं ऱ्हाईल, ह्याला," ते म्हणाले. "आमच्या घरी एकदा ऱ्हायलं व्हतं."

मग ते माझ्यापुढे आले. "तू कशाला भ्यालास?"

सगळी पंगत माझ्याकडे वळली. माझ्याकडे खेकडा होता, जिभेसारखं पाणी होतं, दातांत छत्री धरलेले सर होते. वर्षभर मी जिची वाट बघत होतो ती गोष्ट माझ्या हातात होती, पण ती रंगवून सांगावीशी वाटेना.

"कशालाच नाय सर," मी म्हणालो.

"मग टोप घास."

जेवणं झाली. मी टोपात उतरलो. राख घेतली, नारळाची शेंडी घेतली. सर येऊन समोरच्या पायरीवर बसले, छत्री मांडीवर आडवी. त्यांच्या पायांवरचा चिखल वाळून पांढरा पडला होता, त्याला भेगा गेल्या होत्या. भेगा हलत होत्या. त्यांचे दोन्ही गुडघे थरथरत होते आणि ते दोन्ही हातांनी छत्री त्यांच्यावर दाबून धरत होते.

टोप केव्हाच लख्ख झाला होता. त्यांचे गुडघे थांबेपर्यंत मी घासत राहिलो.